वजा चार

बायान लेपासच्या तिसऱ्या मजल्यावर
रात्रपाळीला उजेड पिवळा असतो.
पांढऱ्यात डिंक धीर सोडतो, वेळेआधीच आळतो.
म्हणून हळदीच्या पाण्यातून चालावं तसं चालायचं,
नखशिखांत झाकलेलं,
नाव फक्त छातीवरच्या पट्टीवर.
रोहाया. लाइन चार. सतरा वर्षं.

यंत्र भिंग उचलतं,
भिजल्या साबुदाण्याएवढं,
आणि अधांतरी धरतं.
खाली सेन्सर, काळा, चौकोनी,
अजून काहीच न पाहिलेला.
समोर तक्ता: चार कोपऱ्यांत चार तिरके चौकोन, मधे एक.
हेच त्याचं पहिलं जग.

भिंग हलतं.
वर जातं, खाली येतं, कलतं, केसभर फिरतं.
पडद्यावर पाच रेषा चढतात,
चढतात,
आणि उतरू लागतात.
उतरल्यावरच कळतं
की मघाशी होता तो माथा.
यंत्र मागे फिरतं.
त्याला मागे फिरता येतं.

जुलैत बून कियात आला, इपोहचा पोरगा,
पदवीची शाई अजून ओली.
त्यानं माथा गाठला, नेमका माथ्यावरच थांबला,
जांभळी किरणं सोडली. डिंक घट्ट.
दोनशे चाळीस नग,
आणि प्रत्येकाचा डावा वरचा कोपरा
वाफ धरलेल्या काचेसारखा.
"पण आकडे बरोबर होते," तो म्हणाला.
मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते,
तेही तांबारलेले.

"डिंक वाळताना आकसतो," रोहाया म्हणाली.
"जिथे जाड, तिथे जास्त ओढतो.
तू बरोबर जागी ठेवलंस.
तेच चुकलं."
त्या कोपऱ्याच्या रकान्यातलं शून्य खोडून
तिनं लिहिलं: वजा चार.
चार मायक्रॉन. एका केसाचे वीस उभे काप केले
तर त्यातला एक.
"हे कुठल्या पुस्तकात आहे?"
"पुस्तकात डिंक नुसताच वाळतो."

पहाटे कॅन्टीनमध्ये नासी लेमाकची पुडी सोडता सोडता
फोन थरथरला.
केडाहून, भाच्याच्या लग्नाचा फोटो.
पाळी बदलून मिळाली नव्हती.
मधे नवरानवरी, सोनेरी, अवघडलेली.
ती त्यांना पाहत नाही.
सवयीनं आधी कोपरे, दोन बोटांनी ताणून.
खालचा उजवा: चपला, चटईची वीण. ठीक.
खालचा डावा: कुणा पोराचा अर्धा हात, हातात पापड. ठीक.
वरचा उजवा: मांडवाची झालर.
वरचा डावा:

सलमाह.

आईचं शिलाईमशीन कुणाकडे, यावरून
नऊ वर्षं जिच्याशी बोलणं नाही.
हातात ताटल्यांची चळत, एक खांदा चौकटीबाहेर.
'इकडे बघ' असं तिला कुणी म्हटलेलं नसणार.
तरी भुवईवरचा व्रण दिसतो
(विहिरीच्या काठावरचा, रोहायानंच ढकललं होतं),
डोईवरच्या रुमालाची टाचणी दिसते,
टाचणीचा निळा खडा,
खड्याला गेलेला तडा.

हा काढणारा फोन कुणाचा,
त्याचं भिंग कुठल्या देशात, कुणाच्या पाळीत बसवलं,
कोण जाणे.
तिथेही कुणीतरी शून्य खोडलं असणार.

"कोण?" बून कियातनं विचारलं.
"कडेला उभी राहते ती. पहिल्यापासून."
मग तिनं बरंच काही टाइप केलं आणि पुसलं,
पुन्हा टाइप केलं,
माफीपर्यंत आली होती, तिथून मागे फिरली,
आणि अलीकडेच कुठेतरी थांबून
एवढंच पाठवलं:
जेवलीस का?

खिडकीबाहेर उजाडत होतं.
पिवळं नव्हे,
पांढरं.